गुरुवारची वही

५ सप्टेंबर, शनिवार

माझ्या लाडक्या ठकूबाईला,

सलाम, आणि दोन्ही गालांचे दोन मुके. फोनवर तू "हं हं आजी, मग बोलू" म्हणतेस आणि मला उजव्या कानानं तेवढंच ऐकू येतं, म्हणून पत्रच बरं. पत्रात कुणी मध्येच फोन ठेवत नाही.

हेडबाई देशाच्या सभागृहासाठी उभ्या राहिल्या आणि तू त्यांच्या प्रचाराच्या कचेरीत! मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलेय आणि उतरायला अजिबात तयार नाही. ज्या बाईंनी तुला शाळेत बाकावर उभं केलं होतं त्यांच्याच शेजारी आता तुझी खुर्ची. आपल्या चर्चच्या मंडळीतलं कुणी एवढ्या मोठ्या जागेसाठी उभं राहिलेलं मी एकाहत्तर वर्षांत पाहिलं नाही. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीसारखी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना केली, तेव्हा मी डोळे मिटायचे सोडून हेडबाईंच्या रिकाम्या जागेकडेच बघत होते. देव माफ करो.

सगळेच खूश आहेत असं नाही हं. आपले घड्याळकाका, दुरुस्तीच्या दुकानातले, उपासना झाल्यावर पायरीवर म्हणाले, "आपण बरं, आपली प्रार्थना बरी. राजकारण म्हणजे चिखल."

मी म्हटलं, "म्हणूनच कुणीतरी झाडू घेऊन जायला नको का?"

"चिखल झाडूनं निघत नाही, वहिनी."

"मग खराटा घेऊ."

यावर ते मनगटाकडे बघत निघून गेले. वादात हरले की त्यांना नेहमी उशीर होतो.

माझ्या गुरुवारच्या फेऱ्या चालू आहेत. रविवारी ज्यांच्यासाठी प्रार्थना, त्यांच्या घरी गुरुवारी जायचंच, हा आमचा बायकांचा नियम तुला ठाऊक आहेच. नुसती देवाकडे चिठ्ठी पाठवून आपण घरी पाय पसरून बसायचं, हे मला कधी पटलं नाही. आता तीनशे बारा घरं झालीत वहीत. निम्मी आपली, निम्मी इतरांची. दुखणं काय धर्म विचारून येतं? गुडघे मात्र विचारतात, "आजी, अजून किती जिने?"

जेवत जा. कचेरीत पंखा आहे का ते कळव.

तुझी आजी

१२ सप्टेंबर

प्रिय आजी,

पंखा आहे, पण तो प्रचारप्रमुखांच्या डोक्यावर आहे. आम्ही बाकीचे त्यांच्या कागदांसारखे फडफडतो.

घाईत लिहितेय. बाई रोज तीन सभा घेतात. कचेरीत सगळ्यांचं एकच म्हणणं, लोकांना खरी काय अडचण आहे हे कळायला हवं. मला एकदम तुझी वही आठवली. एवढं खरं इथं कुणाकडेच नाही, आजी. तू वही पाठवशील का? मी उतरवून घेते आणि लगेच परत करते. बाई निवडून आल्या तर त्या घरांचंच भलं होईल. शनिवारी प्रचाराची गाडी तुझ्या गल्लीवरून येईल, तिच्या चालकाकडे दे.

बाई तुला सलाम सांगतात.

तुझी ठकू

१६ सप्टेंबर, बुधवार

ठकू बाळा,

पत्र वाचलं आणि मी भिंतीवरच्या तुझ्या आजोबांच्या फोटोला म्हटलं, "बघा! तुम्ही म्हणायचा ना, ही काय रेघोट्या ओढत बसते! देशाच्या कचेरीतून मागणी आलीय रेघोट्यांना!" ते नेहमीसारखे गप्प. जिवंत असताना फार बोलायचे असंही नाही.

वही कापडात गुंडाळून ठेवलीय. पण तुला ती वाचता येणार नाही. मी जेमतेम चौथी. लांब शब्द लिहायला बसले तर गुरुवारचा शुक्रवार व्हायचा, म्हणून सगळं खुणांत आहे. तेव्हा शेवटच्या पानावर खुणांचे अर्थ लिहिलेत, दोन दिवस लागले त्याला. वर्तुळ म्हणजे आजारी. आडवी काठी म्हणजे काम सुटलंय. वाकडी काठी म्हणजे पितो. दोन वाकड्या काठ्या म्हणजे बापही आणि लेकही. दार नसलेलं घर म्हणजे मुलगी सासरहून परत आलीय आणि घरचे कुणाला सांगत नाहीत.

दार नसलेलं घर सध्या एकच आहे, आपल्या शिवणबाईंचं. कोपऱ्यावरच्या, ज्यांनी तुझा पहिला झगा शिवला त्या. पोरगी चार महिने मागच्या खोलीत आहे. नवऱ्यानं फार हाल केले तिचे. गिऱ्हाईक आलं की शिवणबाई मशीन जोरजोरात चालवतात, आतला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. आपल्या मंडळीतल्या नाहीत त्या, तरी मला म्हणाल्या, "तुमच्या देवाला सांगा, माझा सध्या ऐकत नाही." हे तुझ्यामाझ्यात ठेव.

पाळकसाहेबांना विचारलं नाही. विचारलं तर म्हणतील, "थोडं थांबू या." त्यांचं लग्नसुद्धा थोडं थांबू या करत चाळिशीत झालं.

शनिवारी चालकाला बजावणार आहे, वही मांडीवर ठेव, सीटखाली टाकू नकोस.

तुझी मिरवणारी आजी

९ ऑक्टोबर, शुक्रवार

ठकू,

अक्षर नीट आलं नाही तर सांभाळून घे.

काल फेरीला निघाले. पहिलं दार वाजवलं, आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. दार उघडलं नाही. दुसऱ्या घरी वाकड्या काठीवाल्याची बायको खिडकीतून म्हणाली, "आज नको आजी." आज नको म्हणजे काय, बाहेरच्या माणसाला सांगतात तसं. वीस वर्षं त्या घरात मी स्वयंपाकघरात जाऊन बसते.

तिसऱ्या घराला जाईपर्यंत शिवणबाईच समोरून आल्या. हातात कार्ड. पाकीट नाही, उघडं कार्ड, टपालवाल्यापासून शेजारच्यांपर्यंत सगळ्यांनी वाचलेलं. वर हेडबाईंचा हसरा फोटो. खाली छापलंय, "आपल्या घरी परत आलेल्या कन्येच्या दुःखात मी सहभागी आहे. अशा भगिनींसाठी आधारगृह उभारण्याचा माझा संकल्प आहे. आपले मत मलाच द्या."

शिवणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

मी ते कार्ड हातात घेऊन पुन्हा वाचलं.

"तुम्ही देवाला सांगता असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "कचेरीला सांगता हे माहीत नव्हतं."

पोरीनं दोन दिवस खाल्लं नाही म्हणे. नवऱ्याकडच्यांनाही आता कळलंय ती कुठं आहे.

मला खरं सांग. हे माझ्या वहीतून गेलं का?

आजी

१३ ऑक्टोबर

आजी,

हो. तुझ्याच वहीतून.

मी ती स्वतः उतरवली, शेवटच्या पानावरून खुणा लावत लावत. प्रचारप्रमुखांना दाखवली तर ते म्हणाले, "हे सोनं आहे." त्यांनी खुणेप्रमाणे घरं वेगळी केली आणि प्रत्येक खुणेचं एक कार्ड छापलं. आजाऱ्यांना दवाखान्याचं, काम सुटलेल्यांना कारखान्याचं. सेहेचाळीस कार्डं गेली, उरलेली कपाटात आहेत. कार्डं मी पाहिली होती आजी. मला वाटलं, लोकांना बरं वाटेल की कुणाला तरी आपलं माहीत आहे.

बाईंना यातलं काही ठाऊक नाही. सांगायची छाती होत नाही. मतदानाला तीन आठवडे राहिलेत. हे बाहेर पडलं तर समोरचे रान उठवतील, आणि बाईंसारखं माणूस पुन्हा उभं राहायचं नाही. प्रचारप्रमुख म्हणतात, "गप्प राहा, लोक विसरतात." आणि मी सांगितलं तर माझी खुर्ची गेलीच.

वही माझ्या उशाशी आहे. मला तिच्याकडे बघवत नाही. मी काय करू?

ठकू

१८ ऑक्टोबर, रविवार

ठकू बाळा,

आधी डोळे पूस. रडून अक्षर फुटलंय तुझं, शाई पसरलीय. चूक दोघींची आहे आणि माझी मोठी. तू मागितलीस, मी तर कापडात गुंडाळून दिली. वर कुलपाबरोबर किल्लीही पाठवली. मिरवायचं होतं ना मला!

आज उपासनेत साक्षीची वेळ आली, ज्याला मंडळीपुढं काही सांगायचं त्यानं उठायची, तशी मी उभी राहिले. लोकांना वाटलं, गुडघे बरे झाले म्हणून आभार मानणार. मी सांगितलं, "तुम्ही मला विश्वासानं सांगितलंत आणि मी ते मतांसाठी दिलं." मग घड्याळकाका उठले. "म्हणूनच मी म्हणत होतो, आपल्या लोकांनी राजकारणात पडू नये."

मी म्हटलं, "काका, घाण मी केली, राजकारणानं नाही. घर घाण झालं म्हणून झाडायचं सोडतं का कुणी?"

पाळकसाहेब काय म्हणाले सांगू? "थोडं थांबू या." पण पुढं म्हणाले, "बोलायचं थोडं थांबू या आणि आधी त्या सगळ्या घरी जाऊ या." दुपारी माझ्याबरोबर स्वतः आले. सेहेचाळीसपैकी अकरा घरं झाली. काहींनी उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं, काहींनी दार लावलं. एका म्हाताऱ्यानं पाणी दिलं आणि म्हणाला, "दवाखान्याचं कार्ड आलं ते ठीक, पण माझा आजार बायकोला ठाऊक नव्हता हो." मी पेला भरलेलाच खाली ठेवला.

शिवणबाईंनी दार उघडलं नाही. मशीन मात्र बंद झालं, म्हणजे ऐकत होत्या. मी बंद दारालाच माफी मागितली.

आता तुझं. तू बाईंना सांग. खुर्ची गेली तर गेली, इथं माझ्याकडे स्टूल आहे. आपलं माणूस तिथं पोचावं म्हणून आपण आपलंच माणूसपण विकलं, तर तिथं पोचणार कोण? आणि ज्या बाईंनी तुला खोटं बोललीस म्हणून बाकावर उभं केलं, त्यांना खरं ऐकायची सवय नसेल असं समजू नकोस.

तुझी आजी

२२ ऑक्टोबर

आजी,

सांगितलं.

प्रचारप्रमुख शेजारी बसलेले असतानाच सांगितलं, नाहीतर नंतर सांगता आलं नसतं. बाईंनी सगळं ऐकलं. मग शाळेत करायच्या तसा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी लहानपणीसारखी आपोआप उभीच राहिले.

"कार्डं किती गेली?"

"सेहेचाळीस."

"उरलेली?"

"कपाटात."

"कपाट उघड."

आम्ही दोघींनी मागच्या अंगणात ती सगळी जाळली. संगणकावरची यादीही बाईंनी स्वतः समोर बसून पुसायला लावली. प्रचारप्रमुख म्हणाले, "बाई, हा वेडेपणा आहे. या यादीत तीनशे घरांची मतं आहेत." बाई म्हणाल्या, "यादीत मतं नसतात हो. माणसं असतात." ते संध्याकाळी राजीनामा देऊन गेले. जाताना पंखा बंद करून गेले.

माझी खुर्ची राहिली. बाई म्हणाल्या, "तुला काढलं तर तू मोकळी होशील. ते नको. बस, आणि काम कर."

येत्या गुरुवारी बाई तुझ्याकडे येतात, सगळ्या सेहेचाळीस घरी. झेंडा नाही, भोंगा नाही, गाडी गल्लीच्या तोंडाशी. मला कचेरी सोडता येणार नाही. वही त्यांच्याच हाती पाठवतेय. त्या विचारतात, तू बरोबर चालशील का?

ठकू

३० ऑक्टोबर, शुक्रवार

अगं ठकू,

चालशील का काय विचारता! काल सकाळी साडेसहालाच चपला घालून बसले होते.

बाई साध्या सुती कपड्यांत आल्या. वही मला दोन्ही हातांनी दिली. मी ती तिथंच चुलीत घातली. वीस वर्षांची होती ग. पण लोकांचं दुखणं पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको.

मग चाललो. प्रत्येक दारी बाईंचं एकच बोलणं. "तुमच्या घरची गोष्ट माझ्या नावानं चव्हाट्यावर गेली. मी माफी मागायला आलेय. मत मागायला नाही." बस. पुढच्या घरी. एका घरी पुरुष तावातावानं म्हणाला, "मग मत दुसऱ्याला देऊ का?" बाई म्हणाल्या, "द्या." तो इतका गोंधळला की आम्हाला बसायला पाट दिला.

संध्याकाळी शिवणबाईंकडे पोचलो, बेचाळिसावं घर. दार वाजवलं. मशीन थांबलं. आम्ही उभ्या. माझे गुडघे म्हणत होते, आजी, घरी चल. तेवढ्यात कडी निघाली. शिवणबाई नव्हत्या, पोरगी होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा पुढच्या दारात. उजेडात डोळे बारीक करून बघत होती. मागून शिवणबाई, "आत ये ग, लोक बघतायत."

पोरीनं आईकडे पाहिलंच नाही. बाईंना विचारलं, "कार्डावर आधारगृह लिहिलं होतं. खरं काढणार आहात, की नुसतं छापलं?"

बाई म्हणाल्या, "ते मी लिहिलंच नव्हतं. मी कधी विचारही केला नव्हता."

मला वाटलं, झालं, आता दार आपटणार. पण पोरगी म्हणाली, "निदान हे तरी खरं बोललात. मग मी सांगते, काय लागतं ते. लिहून घ्या."

बाईंकडे कागद नव्हता. तिनंच आतून वही आणली, उंबऱ्यावर बसली आणि स्वतःच लिहायला लागली. आतून कडी लावता येईल अशी खोली. पोलिसांत जाताना बरोबर चालणारी बाई. काम शिकायची सोय. शिकलेली आहे पोर, मोत्यासारखं अक्षर. लिहिता लिहिता म्हणाली, "नगरपालिकेच्या जुन्या शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. आमच्या मागच्या खिडकीतून दिसतात. पाच महिने मी दुसरं काय बघत होते?"

शिवणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. पण निघताना माझ्या बाहीचा उसवलेला टाका बघून म्हणाल्या, "आणा तो ब्लाउज उद्या." आज नेऊन दिला. नीट शिवलाय. बोलल्या मात्र नाहीत.

तुझी थकलेली आजी

१० नोव्हेंबर

आजी,

आपण हरलो. नऊशे तीस मतांनी. कळलंच असेल तुला.

मी रडले. बाई नाही रडल्या. त्यांनी सगळ्यांना चहा केला आणि म्हणाल्या, "पहिल्या परीक्षेत एवढे गुण वाईट नाहीत." पण सगळे गेल्यावर बराच वेळ खिडकीशी उभ्या होत्या.

कार्डांचा वेडेपणा केला नसता तर जिंकलो असतो का, की कार्डं लपवली असती तर जिंकलो असतो? रोज डोक्यात हेच. कचेरी महिनाअखेर रिकामी करायची आहे. त्या सेहेचाळीस घरांना वाटत असेल, बरं झालं. आता बाई काही तिकडे फिरकायच्या नाहीत, असंच म्हणत असतील ना लोक?

ठकू

२० नोव्हेंबर, शुक्रवार

ठकूबाई,

म्हणत होते. घड्याळकाका तर पैज लावायला निघाले होते, पाळकसाहेब बघतायत म्हणून हात खिशात घातला.

आणि काल गुरुवारी सकाळी माझ्या दारात हेडबाई. हरलेल्या उमेदवारासारख्या अजिबात दिसत नव्हत्या, शाळा तपासायला आल्यासारख्या दिसत होत्या. "आजी, आज कुठली घरं?" म्हणाल्या. पायरीवर काका उभेच होते. त्यांनी मनगटाकडे पाहिलं नाही, नवल बघ. म्हणाले, "बाई, आता तर निवडणूक संपली."

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणूनच आता वेळ आहे."

काका थोडा वेळ घुटमळले आणि म्हणाले, "जुन्या शाळेच्या कुलपाची किल्ली हरवलीय म्हणे. कुलपं मला उघडता येतात." म्हणजे चिखलात त्यांचाही एक पाय पडला! मी काही बोलले नाही. फार कठीण गेलं, पण नाही बोलले.

घरं दुपारनंतर करायची ठरवून आम्ही आधी नगरपालिकेत गेलो. मी, बाई, शिवणबाई आणि त्यांची पोरगी. अर्ज पोरीनंच लिहिलाय, जुन्या शाळेच्या दोन खोल्या मिळाव्यात म्हणून. खाली बावीस सह्या आहेत, त्यातल्या नऊ त्या सेहेचाळीस घरांतल्या. पाणी पाजणाऱ्या म्हाताऱ्याचीही आहे, आणि त्याच्या बायकोचीही. तिला आता ठाऊक आहे, आणि दोघं मिळून दवाखान्यात जातात.

खिडकीवरच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कोणत्या पक्षाकडून?"

आम्ही चौघी एकमेकींकडे बघायला लागलो. बाई तोंड उघडणार एवढ्यात पोरगी पुढं झाली. "माझ्याकडून."

"तुमच्याकडून म्हणजे? अर्जदार कोण? नाव सांगा."

मागे रांग केवढी! निम्मी आपल्याच गल्लीतली. शिवणबाईंनी पोरीच्या दंडाला धरलं आणि कुजबुजल्या, "हळू सांग."

पोरीनं नाव सांगितलं. माहेरचं, पूर्ण, बापाच्या नावासकट. कारकून म्हणाला, "ऐकू आलं नाही." तर ती मान ताठ करून पुन्हा म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की माझ्या उजव्या कानालासुद्धा लख्ख ऐकू आलं. शिवणबाईंचा हात तिच्या दंडावरच होता, पण आता मागे ओढत नव्हता.

"साहेब सोमवारी भेटतील," कारकून म्हणाला.

"मग सोमवारी येतो," शिवणबाई म्हणाल्या. आणि बाहेर पडल्यावर पहिल्यांदाच माझ्याकडे वळून, "तुम्ही पण या हो आजी. पण बोलायचं ते आम्ही बोलू."

मी म्हटलं, "बरं."

आता तुझ्या रोजच्या प्रश्नाचं. जिंकलो असतो का ते मला विचारू नकोस. मला तेवढं गणित येत नाही. कचेरी रिकामी झाली की सामान घेऊन सरळ इकडे ये. सोमवारी साहेब भेटले तर खोल्या झाडायला माणसं लागणार, आणि नाही भेटले तर मंगळवारी परत जायला लागणार. दोन्हीकडे तू चालशील.

वाट बघणारी,
आजी